पत्रिकेएवढी नावं

टोकावड्याला माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. त्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तोच एक मुलगी वाकून आत शिरली. संध्याकाळी तिची हळद होती. तिची आजी आमच्या भागातली नावाजलेली धवलारीण. लग्नात धवले गाणारी अशी बाई मी दुसरी ऐकली नाही.

"ताई, घशाच्या ऑपरेशनात आजीचा आवाज गेला. नुसती कुजबुजते. माज्या हळदीला तिचंच गाणं पायजे. तुमच्याकडं असंल ना?"

असंल ना म्हणजे काय! आहेच! तिच्या धवल्यांचा आवाज मी शूटिंगमधून वेगळा काढून ठेवला होता. फक्त कुठल्या लग्नातला, ते आठवेना. जुनी हार्ड डिस्क जोडली, 'धवले' टाइप करून शोधायला लावलं. हिरवी पट्टी निम्म्यावर आली आणि अडकली. बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा मात्र मी त्या कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "मेल्या, चहा सांगू का तुला?" मुलगी हसली, पण डोळे भरले होते.

आणि एकदम ट्यूब पेटली. हे मेलं तिन्ही वेळा एकाच फोल्डरपाशी बसतंय! उघडून बघते तर काय, चूक माझीच. पूर्वी एका लग्नाच्या सीडीवर नवरदेवाच्या थोरल्या काकांचं नाव घालायचं राहिलं, तर पूजेच्या जेवणात सीडी लावल्यावर काका भर पंगतीतून उठून गेले होते. तेव्हापासून मी असा धसका घेतला की फोल्डरलाही अख्खी पत्रिका! गावाच्या आत पाडा, पाड्याच्या आत भावकी, त्यात वडील, त्यात काका, त्यात मामा, सगळे 'श्रीयुत' आणि 'यांचे ज्येष्ठ चिरंजीव' यांच्यासकट. फाइलचा पत्ता इतका लांबला होता की तळाशी पोचायच्या आतच सॉफ्टवेअरचा दम संपायचा.

आतलं नाव बदलायला गेले, ऐकेना. मग बाहेरून सुरुवात केली. गावाला एक अक्षर, पाड्याला एक, भावकीला एक. "माफ करा हं," म्हणत काकांचाही 'क' केला. पुन्हा शोधायला लावलं. पट्टी हलली! "ताई, पुढं गेली, गेली!" मुलगी नाचायलाच लागली. तळाच्या फोल्डरात एकच फाइल होती, आजीच्या धवल्यांची. मला तर आनंदानं काय करू नि काय नको असं झालं!

दोघी तशाच स्कूटीवरून तिच्या घरी गेलो. आजी ओट्यावर बसली होती. मी स्पीकर लावला. आवाज असा खणखणीत उठला की शेजारच्या बायका हातातली कामं टाकून धावत आल्या. आजीनं मान खाली घालून अख्खा धवला ऐकला. मग मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानाशी कुजबुजली, "येवढी चांगली गात होते का गो मी? मंग येवढ्या वर्सांत कोणी येकदा तरी बोलला का नाय?"

कितीतरी लग्नांत हेडफोन लावून मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. मीसुद्धा कधी बोलले नव्हते.