खुर्चीवरचा टॉवेल

पांगरगावच्या ग्रामपंचायतीत सरपंचाची एक फिरती खुर्ची आहे आणि तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो. पहिली दोन वर्षं दैवशालाचा आणि सरपंचपदाचा संबंध एवढाच होता, की दर शनिवारी तो टॉवेल घरी यायचा आणि ती तो धुऊन, वाळवून, घडी घालून परत पाठवायची. निवडून आली होती दैवशाला. खुर्चीत बसत होता तिचा नवरा भागवत. गाव त्यालाच ‘सरपंच’ म्हणून हाक मारायचं आणि तोही न लाजता ‘ओ’ द्यायचा.

जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा घरातली बाई उभी करायची, एवढाच भागवतचा हिशेब होता. निवडणुकीनंतर वेशीत बॅनर लागला. त्यावर भागवत हात जोडून उभा, पाच फुटी. दैवशाला खालच्या कोपऱ्यात, रेशनकार्डावरच्या फोटोएवढी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

आणि ही बाई काही मुखदुर्बळ नव्हती हो. माहेर भोकरदनकडचं, शिक्षण बारावी, शाळेच्या कबड्डी संघाची कॅप्टन. पोरींना कधी चढाईला पाठवायचं आणि कधी मागं ओढायचं हे ती नुसत्या नजरेनं ठरवायची. लग्न होऊन पांगरगावला आली आणि ती नजर पदराखाली गेली.

ग्रामसभेला ती यायची, पण दाराजवळ सतरंजीवर बसायची. कारण सासरे पुंजाराम पहिल्या रांगेत खुर्चीवर असायचे, आणि सासऱ्यासमोर सून खुर्चीत बसत नाही. कुणी विचारलंच तर भागवत म्हणायचा, “आपल्यात रीत हाय.” रीत ही मोठी गमतीची चीज आहे. ज्याला ती सोयीची असते, त्यालाच ती बरोबर वेळेवर आठवते.

यंदाच्या उन्हाळ्यात तालुक्याला सरपंचांचं प्रशिक्षण लागलं. तीन दिवस, कारभार कसा करायचा ते शिकायला. सभागृह भरलं, पण बायका भिंतीकडेला आणि पुढच्या खुर्च्यांत त्यांचे नवरे. शिकवायला आलेल्या जुबेदा मॅडम जालन्याच्या. बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज मात्र बाजारात भाजीचा भाव करणाऱ्या बाईसारखा खणखणीत. त्या म्हणाल्या, “जे निवडून आलेले नाहीत त्यांनी बाहेर बसायचं. चहा बाहेरच मिळेल.” नवरे लिंबाखाली जाऊन बसले. दैवशाला पुढच्या खुर्चीत येऊन बसली. गार, प्लॅस्टिकची, साधी खुर्ची. तिला वाटलं, एवढ्याचसाठी का आपण दोन वर्षं सतरंजीवर काढली?

तिसऱ्या दिवशी मॅडमनी नाटकातली ग्रामसभा भरवली. नवऱ्यांनाही आत बोलावलं. सरपंच कोण होणार? मॅडमनी भागवतकडे बोट केलं. “तुम्ही व्हा. तुम्हाला सराव आहे.” भागवत खुशीत खुर्चीत जाऊन बसला. दैवशालाच्या वाट्याला गावकऱ्याचं काम आलं.

ती उठली. “सरपंच साहेब, वरच्या वस्तीला पाणी काहून येत न्हाई?”

सभागृह हसलं. भागवतही हसला. “येईल की. काम चालू हाय.”

“कुठं चालू हाय? म्या कालच वरून आल्ते. साधा खड्डाबी न्हाई तिथं.”

“बरं, ते घरी बोलू.”

“घरी? माझं घर वरच्या वस्तीत हाय, साहेब. तुमच्या घरी म्या कशाला येऊ?”

आता हसणं थांबलं. भागवतचा हात घाम पुसायला सवयीनं खुर्चीच्या पाठीकडे गेला. तिथं टॉवेल नव्हता. त्यानं बाहीनंच कपाळ पुसलं, आणि दैवशालाला संताप आला. त्याचा तर आलाच, पण स्वतःचा जास्त. वरच्या वस्तीची उषाबाई दोन वर्षं तिला हातपंपावर गाठून पाण्याचं विचारत होती. दैवशाला तो प्रश्न इमानानं घरी न्यायची आणि भागवत म्हणायचा, बघू. घरात नेलेला प्रश्न घरातच मुरायचा. आज चारचौघांत विचारला, तर त्याच माणसाला घाम फुटला होता.

परतताना मोटारसायकलवर भागवत म्हणाला, “तालुक्यात इज्जत घालवली तू माझी.”

“नाटक होतं की.”

“मंग पंधरा ऑगस्टच्या सभेतबी नाटक करणार का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “तवा खरं करीन.”

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. गावाला आलेल्या निधीचं काय करायचं ते तिथं ठरणार होतं. भागवतला वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत पेव्हर ब्लॉकची फरशी बसवायची होती. दैवशालाला वरच्या वस्तीला पाण्याची लाइन न्यायची होती. पंचायतीतली खुर्ची मैदानात आणून ठेवली होती, टॉवेलासकट. भागवत तिच्याकडे निघाला, पण दैवशाला आधीच तिथं पोचली होती. तिनं टॉवेल काढला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. “हा तुमचा.” मग ती खुर्चीत बसली.

पहिल्या रांगेतून पुंजाराम म्हणाले, “सुनबाई, खाली बस.”

तिनं खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. “मामा, घरी म्या तुमच्यापुढं खालीच बसते. पुढंबी बसंन. पर हितं सून न्हाई, सरपंच बसलाय.”

पुंजाराम उठले आणि चालू लागले. त्यांच्यामागं भागवत, भागवतमागं त्याची माणसं, आणि बघता बघता निम्मं मैदान रिकामं झालं. हा नुसता रुसवा नव्हता. पुरेशी माणसं नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला माणसांची अट नसते. मग भागवत, त्याची चार टाळकी आणि पेव्हर ब्लॉक. जाता जाता तो म्हणाला, “बघू आता सभा कशी होती.” ग्रामसेवक राजानंद खाली मान घालून पेनचं टोपण लावू लागला.

“टोपण लावू नका, भाऊ,” दैवशाला म्हणाली.

शाळेच्या भिंतीमागं बायका उभ्या होत्या. बायकांची वेगळी सभा आदल्या दिवशी उरकली जायची, म्हणून मोठ्या सभेत बायका येत नसत. भिंतीमागून ऐकायच्या आणि गुपचूप घरी जायच्या. दैवशाला खुर्चीतून उठली आणि कबड्डीच्या मैदानात पूर्वी जशी हाक मारायची, तशी पोटातून ओरडली.

“भिंतीमागून काय ऐकता? आत या! तुमी न्हाई आल्या तर पाणी येनार न्हाई, फरशी येईल. अन् फरशी पिता येत न्हाई!”

कुणी हललं नाही. एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. उषाबाईनं पाऊल उचललं आणि परत ठेवलं, कारण शेजारी दैवशालाची सासू तुळजाबाई उभी होती. तिच्यादेखत आत जायचं म्हणजे तिच्या नवऱ्याचा शब्द मोडायचा. दैवशालाला वाटलं, संपलं. आता हा शनिवार, पुढचा शनिवार, आणि टॉवेल.

तेवढ्यात तुळजाबाईनं लुगड्याचा पदर खोचला. गुडघ्यावर हात देत फाटकातून आत आली, सरळ पहिल्या रांगेत गेली आणि पुंजारामच्या रिकाम्या खुर्चीवर ऐसपैस बसली.

दैवशालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आत्याबाई, मामाला काय सांगताल?”

“सांगीन, तुमची जागा धरून बसल्ते,” तुळजाबाई म्हणाली. “तू सभा चालू कर. ऊन लागून राह्यलं.”

मग फाटक अपुरं पडलं. उषाबाई आली, वरची वस्ती आली, खालची आळी आली. काही जणी पोरं काखेत घेऊन आल्या. राजानंदनं टोपण काढलं, डोकी मोजली, परत मोजली आणि म्हणाला, “भरली सभा.” पाण्याच्या लाइनीचा ठराव दैवशालानं स्वतः वाचला. हात वर झाले. पांगरगावात एवढ्या बांगड्या एकदम याआधी कधी वाजल्या नव्हत्या.

भागवत चार दिवस बोलला नाही. पुंजाराम ओसरीवर पाठ करून बसायचे. दैवशालानं दोघांना वेळेवर जेवायला वाढलं आणि रोज दहाला पंचायतीत जाऊन बसली, उघड्या पाठीच्या खुर्चीत.

शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा भागवतनं सवयीनं तो टॉवेल धुण्याच्या दगडावर टाकला. “हा धुवायचा ऱ्हायला,” तो म्हणाला. एवढ्या दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य.

दैवशालानं चपला पायात सरकवल्या.

“मंग धुवा की. घाम तुमचाच हाय.”