जाड पायांची अक्षरं

"जरा डोळे बारके करा की, दादा."

केजला माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिथे डिझाइन करायला एक मुलगी बरीच वर्षं कामाला होती आणि हे वाक्य ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. स्वतःही मान मागे घेऊन, डोळे किलकिले करून कॉम्प्युटरकडे बघायची. डोळे बारीक केले की मजकूर दिसत नाही, नुसतं काळं-पांढरं दिसतं, आणि काळं कुठे जास्त झालंय ते कळतं, असं तिचं म्हणणं. मुलीची पत्रिका पसंत करायला आलेलं अख्खं कुटुंब माझ्या बाकड्यावर ओळीने डोळे बारीक करून बसलेलं मी पाहिलंय. आजोबांना तर तशातच डुलकी लागली होती.

घर मेंढपाळाचं. आई लहानपणीच गेलेली. वडिलांनी, तिच्या आबांनी, मेंढरांमागे फिरून तिला चित्रकलेच्या कॉलेजात शिकवलं. शिकून ती परत आली ती डोक्यात एक अक्षर, म्हणजे छपाईचा एक नवा फॉन्ट, घेऊन. उभी रेघ म्हशीच्या पायासारखी जाड आणि आडवी रेघ केसासारखी बारीक. दुकानातलं काम संपलं की ती त्यावर बसायची. एका 'क्ष'साठी आठवडा गेला तेव्हा मी वैतागून विचारलं, "कावून एवढा जीव काढतीस?"

"जाड रेघ कुनालाबी जमती, दादा. बारकी सांभाळायला लागती."

अक्षर तयार झालं आणि लोकांनी उचलून धरलं. तुम्ही आमच्याकडून कधी अंबाजोगाईला गेला असाल, तर ते पाहिलंच असेल. पेढ्याच्या खोक्यावर, किराणा दुकानाच्या पाटीवर, पत्रिकेवरच्या नवरा-नवरीच्या नावांत. हातात धरलेल्या पत्रिकेवर तर ते असं उठून दिसायचं की वाचून झालं तरी पत्रिका खाली ठेवावीशी वाटायची नाही.

मग भाऊंचा वाढदिवस आला.

भाऊ म्हणजे आमच्याकडचे एक होतकरू पुढारी. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला, 'भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. आता 'भ' आणि 'म' यांच्यात फरक तो केवढा? 'भ'च्या डोक्यावरची रेघ तुटते, कोपऱ्यात एक छोटी गाठ असते. तिच्या अक्षरात ही दोन्ही केसाएवढी. लांबून ती दिसेनाशी झाली आणि उरले फक्त जाड पाय. दुपारपर्यंत गावभर फोनवर फोटो फिरला. 'माऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

चार कार्यकर्ते दुकानात घुसले. एकाने टेबलावर हात आपटला. "ओ ताई, आमच्या भाऊची मांजर केली तुमी!"

मी मशीनला दोष देणार होतो. तेवढ्यात तीच उठली. "थांबा, मी बघून येते." स्कूटी काढून चौकात गेली. जवळून पाहिलं, एसटी स्टँडपासून पाहिलं, आणि परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. "यांचं बरोबर हाय. चूक माजी हाय. जवळ बसून काढलं, लांब जाऊन बघितलंच न्हाई."

मग त्या कार्यकर्त्याकडे बघून हळूच म्हणाली, "पर भाऊ हसलं का न्हाई?"

त्या गड्याने टेबलावरचा हात काढला. "हसलं," म्हणाला, आणि त्यालाही हसू फुटलं. संध्याकाळच्या आत आम्ही नवा फ्लेक्स लावला.

तिने मात्र ते मनाला लावून घेतलं. त्या अक्षराचं तिने दुसरं रूप काढायला घेतलं, खास चौकासाठी. पाय तेवढेच जाड, पण डोक्यावरची रेघ दणकट. छापील नमुने रस्त्यापलीकडच्या भिंतीवर लावायची आणि जीपमधून उतरणाऱ्या माणसाला अडवायची. "मावशी, ते काय लिवलंय सांगता का?" एक मावशी म्हणाल्या, "बाई, मला शाळा न्हाई, पर लिवलंय लई ठसठशीत." त्या दिवशी तिने सगळ्यांना चहा पाजला.

दोन्ही रूपं तिने इंटरनेटवर फुकट ठेवली. ती पाहून पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. अक्षरंच घडवायची नोकरी. तिने नाही सांगून टाकलं. आबांना एकटं कसं ठेवायचं?

ते वडिलांना कुठून तरी कळलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, असे ते थेट दुकानात आले. मी त्यांना मामा म्हणायचो. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"नगं म्हनलीस म्हनं?"

"आबा, तुमच्याकडं कोन बघंल?"

"माज्याकडं मेंढरं बघत्यात. मी माजी राखतो, तू तुजी राख."

मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून विचारलं, "तितं बी असंच जाड लिवत्यात का वो?"

"लिवतात, मामा."

"मंग जाऊ दे तिला."

ती गेली. दिवाळीला येते, अधूनमधून फोन करते. दुकानात आता एक मुलगा आहे. हुशार आहे, पण घाई फार.

परवा तिच्या गावाकडून जात होतो, म्हणून मामांकडे डोकावलो. मेंढरांच्या वाड्यावर त्यांनी एक जुना फ्लेक्स हाताला लागेल असा उतरता ताणून बसवला होता, छापलेली बाजू आत. त्याच्या सावलीत आम्ही बसलो. पुण्याला जाण्याआधी तिने सगळी अक्षरं मोठी करून एकदा छापून पाहिली होती, तोच तो फ्लेक्स. वरून ऊन पडलं होतं आणि अक्षरं काळीभोर दिसत होती.

मामांनी वर बघत विचारलं, "काय लिवलंय वो ह्याच्यावर? लई दिस झालं, इचारीन म्हनतो."

"काही नाही मामा, नुसती मुळाक्षरं आहेत."

"समदी?"

"सगळी."

त्यांनी काठीचं टोक फ्लेक्सकडे केलं. "मंग तिचं नाव बी आसंलच त्यात."

मी उठलो आणि तिच्या नावातली अक्षरं एकेक करून दाखवली. मामाही काठी टेकत उठले. पहिल्या अक्षराच्या जाड रेघेवर त्यांनी तळवा ठेवला आणि वरून खाली सावकाश फिरवला, कोकराच्या पाठीवरून फिरवतात तसा.