झोपेत चाललेली नाव

थायलंडमधल्या चियांग मायमध्ये वडीलधाऱ्यांच्या डोक्याला हात लावायचा तर आधी हात जोडून माफी मागतात. दवाखान्यात सराव घेणारी ओराथाय रोज तशी माफी मागायची आणि मगच सुवित गुरुजींच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची. पक्षाघातानंतर गुरुजींचं लक्ष कशात टिकत नव्हतं. मेंदूच्या लहरींनी ठरलेली रेष गाठली की पडद्यावरची नाव पुढे सरकायची, असा तो सराव होता. रेष कुठे ठेवायची, हे मात्र ओराथायच्या हातात.

पहिल्या दिवशी नाव जागची हलली नाही. ज्यांनी आपल्याला अक्षर गिरवायला शिकवलं, त्यांना हरताना बघणं तिच्या जिवावर आलं. तिने रेष खाली आणली, पुढे आणखी खाली. नाव सुसाट निघाली. गुरुजी खुशीत तिच्यासाठी चिकट भात आणि आंबा आणू लागले.

आज सरावातच त्यांना डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा नाव पैलतीराला टेकलेली.

"पोरी, मी तर घोरत होतो. मग नाव कोणी वल्हवली?"

ओराथायची मान खाली गेली. "तुमचा अपमान नको म्हणून, गुरुजी..."

"शाळेत तुला फुकटचा मार्क दिला होता का मी कधी?"

तिने रेष वर नेली. गुरुजींच्या कपाळाला घाम फुटला, पण नाव काही हलेना.

"मला वाटत होतं," ते हळूच म्हणाले, "मी बरा होत चाललोय."