पुसलेला खडू जातो कुठं?

पडेगावच्या टांगेवाल्यानं अध्यापक वर्गाच्या फाटकाशी टांगा थांबवला आणि खाली न उतरताच सांगितलं, "तुमचे यासीन मौलवी गेले, मास्तर. काल मातीबी झाली." त्याला आता महिना होईल. शेवटची भेट राहिलीच... खरं सांगायचं तर ती मीच टाळली होती.

यासीनमियाँ माझ्याकडं अध्यापक वर्गात, शिकवायचं कसं ते शिकायला आले तेव्हा चाळिशीचे होते. त्यांच्या मदरशात वीसेक पोरं एकाच वेळी मोठ्यानं आपापला धडा म्हणत आणि हे डोळे मिटून चुकणारा पोरगा बरोबर ओळखत. अशा माणसाला मी नवी पद्धत शिकवणार होतो! पण त्यांना फळा हवा होता, पृथ्वीचा गोल हवा होता. "सरकारी शाळेतली पोरं पुढं जायलीत, माझी का नाय?" म्हणायचे. एकदा मी फळा पुसत असताना त्यांनी विचारलं, "मास्तर, पुसलेला खडू जातो कुठं?" मी म्हटलं, "जमिनीवर! आणखी कुठं, हैदराबादला?" सगळा वर्ग हसला. तेही हसले.

मदरशात पोरं लाकडी पाटीवर शाईनं कुराणातली आयत लिहीत. पाटी धुतलेलं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतत. यासीनमियाँनी आयत फळ्यावर लिहिली आणि मी शिकवलं होतं तसं कोरड्या फडक्यानं झटकून पुसली. खाली पडलेल्या भुकटीवरून पोरं चालत गेली. एका आजोबांनी ते दारातून पाहिलं. "अल्लाचं नाव तुडवायला शिकून आलास व्हय?" म्हणत त्यांनी नातवाला घरी नेलं. आठवड्यात मदरसा ओस पडला. मियाँनी लगेच ओलं फडकं आणि तांब्याचं भांडं आणलं, घरोघर माफी मागितली. कुणी ऐकलं नाही. चूक माझी आहे, एवढं मी पडेगावात जाऊन सांगायला हवं होतं. त्यांच्यातल्या भांडणात आपण कशाला, म्हणून गप्प बसलो. भित्रेपणाला शहाणपण म्हणायची मला सवयच आहे. पुढं त्यांनी छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं, ते कायमचंच.

परवा मदरशाला लागूनच असलेल्या त्यांच्या घरी, त्यांच्या बायकोला भेटायला गेलो. पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "फळा तुमच्या वर्गाचा हाय, घेऊन जावा." फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. माझा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडं गेला.

"ठैरो, मास्तरसाब..." पडद्याखालून तांब्याचं भांडं आणि फडकं पुढं सरकलं.

मी फडकं भिजवलं, ओळ पुसली, भांड्यात पिळलं आणि पाणी कडुलिंबाशी ओतायला वाकलो. बुंध्याभोवतीची माती आधीच पांढरीफटक होती. मियाँ अंथरुणाला खिळेपर्यंत, त्या रिकाम्या मदरशात, रोज फळा लिहून पुसत होते.