वारुळावरची अळंबी

शांते,

लग्नानंतर मी हैदराबादला निघाले, तेव्हा माय जालन्याच्या स्टेशनापर्यंत आल्ती. गाडी हलली तरी खिडकी धरून चालत सांगत होती, "परक्या मुलखात रानातलं काही जल्दी तोंडात घालू न्हाई." मी हसले. टेंभुर्णीच्या रानात अळंबी ओळखायला मी तिच्याकडूनच शिकले होते. तू धाकटी, रानात यायला कंटाळायचीस. मला वाटलं, गाव बदललं म्हणून ओळख थोडीच जाते.

पहिल्याच श्रावणात आमच्या बिऱ्हाडामागच्या गवतात पांढऱ्या छत्र्या उगवल्या. ताटलीएवढ्या, मधोमध तपकिरी. गावाची इतकी आठवण आली, की नुसतं वरचं रूप पाहून ओटीभर खुडल्या. भाजी केली, वाटीभर शेजारच्या रझियाआपाला दिली. हे कचेरीतून यायचे होते, म्हणून मी जेवले नव्हते. टोपलीत चार छत्र्या उरल्या होत्या, त्या उलट्या पडलेल्या. खालच्या पात्या हिरवट दिसल्या. देठाला बांगडीसारखं कडं होतं. आपल्या अळंबीला कडं नसतं, तिचा देठ मुळीसारखा खोल वारुळात जातो. इथं तर वारूळच नव्हतं.

मी धावले. आपानं चार घास खाल्ले होते. तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. म्हणाली, "तू जानबूझ के थोडीच दी? पर तेरेकू पहचान थी ना?"



पुढच्या वर्षी माहेरी आले, तेव्हा प्रत्येक अळंबी मी खुरप्यानं पार वारुळापर्यंत खोदून पाहत होते. माय वैतागली. "इतकं काय खोदून राह्यलीस? दुरून कळंना का?" आपाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. रात्री तुम्ही सगळे जेवत होता अन् मी घास हातात धरून एकेकाच्या तोंडाकडं पाहत होते. मायनं ते पाहिलं. माझं ताट ओढलं, दोन घास खाल्ले, ताट परत सरकवलं. मंग मी जेवले.

माय आता डोळ्यांनी अधू झाली, रानात जात न्हाई, असं तू लिहिलंस. तेव्हापासून माझा पाय इथं ठरत न्हाई. मायनं निवडलेलं न विचारता खायचं, एवढंच माझं घर होतं. शांते, ती सांगू शकते तोवर तिच्यापाशी बसून तू अळंबी ओळखायला बराबर शिकून घे. मी येईन, अन् तुझ्या हातचं खाईन.