कचकाचा गोरक्ष पाठमोरा का गातो

गोरक्षला बँडमधून काढायचं, हे हर्षलने ठरवून टाकलं होतं. फक्त सांगायचं कोणी, यावर गाडी अडली होती.

"तू सांग," तो ओवेसला म्हणाला. "तुझा दोस्त आहे."

"म्हणून तर नाही सांगणार."

इंदिरानगरला हर्षलच्या गच्चीवर पत्र्याची खोली. भिंतींना ओवेसच्या अब्बांच्या दुकानातल्या जुन्या गाद्या ठोकलेल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी जायचाच. सहा वर्षांपूर्वी तिथेच तिघांनी 'कचका' हा बँड काढला. हर्षल गिटारवर, ओवेस ड्रमवर, गायला गोरक्ष. बेसवाला मिळाला नाही, मग त्याच्याशिवायच. तेव्हा हार्डकोर पंक वाजवायचे. दीड मिनिटाचं गाणं, तीन कॉर्ड, पळत सुटायचं आणि धडकून थांबायचं.

मग हर्षलला मेटलचं वेड लागलं. गिटारच्या तारा सैल झाल्या, आवाज खोल गेला, गाणी सात-सात मिनिटांची झाली. मधेच सगळं चिडीचूप, मग एकदम डोक्यात धोंडा पडल्यासारखं सुरू. ओवेसने दोन्ही पायांनी ड्रम बडवायचा डबल पेडल घेतला आणि पोटऱ्यांना गोळे येईस्तोवर घोटला. नववीत शाळा सोडलेल्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा होमवर्क केला.

गोरक्षचं मात्र जमेना. आवाज असा की पत्रा थरथरावा, पण गाणं मधे थांबलं की एक तर तो आधीच घुसायचा, नाहीतर मागे राहायचा.

"मोज ना," हर्षल वैतागायचा.

"मोजाया लागलो की शब्द इसरतो."

सातपूरला शो महिन्यावर आला होता. शेवटी ओवेसनेच बाइक काढली आणि लासलगाव गाठलं. सांगायचंच झालं तर आपल्या तोंडून.

गोरक्ष तिथल्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचा. ओवेसने त्याला तिथे कधी पाहिलंच नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि मधे गोरक्ष, दम न घेता भाव ओरडत. कोणी नुसतं बोट हलवायचं, कोणी हनुवटी. भाव अडला की क्षणभर शांतता. मग कोपऱ्यातलं एक बोट उठायचं आणि गोरक्षचा आवाज बरोब्बर त्याच्यावर पडायचा. तासाभरात एकही बोट चुकलं नाही.

"तुला कसं कळतं, कधी बोलायचं?" चहा पिताना ओवेसने विचारलं.

"त्यात काय कळायचं? समोरच्याच्या बोटाकडं बघतो."

"मोजत नाहीस?"

"मोजत बसलो तर कांदा सडंल, ओव्या."

जे सांगायला आला होता, ते ओवेसने चहाबरोबर गिळलं.

रविवारी मार्केट बंद, म्हणून प्रॅक्टिस. ओवेसने गोरक्षला ड्रमसमोर उभं केलं. "माझ्याकडे तोंड. दुसरीकडे बघायचं नाही." गाणं थांबून पुन्हा सुरू व्हायच्या क्षणी ओवेस स्टिक हलवायचा. पहिल्यांदा गोरक्ष हुकला.

"काडी नको, लय हालती. बोट दाखव."

ओवेसने स्टिकवरचं एक बोट उचललं. गोरक्षचा आवाज बरोब्बर त्यावर कोसळला. सात मिनिटं एक चूक नाही.

हर्षलने गिटार खाली ठेवली. "भारी. पण लोकांकडे पाठ येणार याची."

"येऊ दे," गोरक्ष म्हणाला. "लोकं काय कांदा घ्याया येणार हायेत?"

हर्षलला हसू आलं, आणि काढायचा विषय तिथेच मेला.

शोला चाळीसेक माणसं होती. पहिल्याच गाण्याला मागून कोणीतरी टोमणा मारला, "भाऊ, तोंड तरी दाखवा." गोरक्ष हलला नाही. त्याची नजर ओवेसच्या बोटावर. तिसऱ्या गाण्यापर्यंत पब्लिकच सरकायला लागली. स्टेज कसलं, जमिनीवर सतरंजीच होती. माणसं बाजूने फिरून, वायरी ओलांडून, थेट ड्रमच्या मागे येऊन गोरक्षकडे बघत उभी राहिली. ओवेसच्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागत होता.

"सरका थोडं, कोपर बसेल," तो म्हणाला, आणि बोट उचललं.