भरीतवाले डायरेक्टर

माझे वडील एका कंपनीचे डायरेक्टर होते, हे आम्हाला तपासयंत्रणेच्या समन्समधून कळलं. तोवर आमची समजूत अशी, की नाना भरीत करतात. हिवाळ्यात चोपड्यापासून धुळ्यापर्यंत कुणाच्याही शेतात भरीतपार्टी असली की बोलावणं नानांना. असोद्याची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, आणि सगळ्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं खाऊन बसने घरी यायचं.

जळगावचे एक भाऊ त्यांचे जुने गिऱ्हाईक. रस्त्यांची कंत्राटं भाऊंची. सरकार कुठल्याही पक्षाचं येवो, मंत्री भरीत खायला भाऊंच्याच शेतात. पक्षभेद न मानणारा इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

एका पार्टीत भाऊंनी नानांना आचेपासून उठवून पहिल्या पंगतीत स्वतःशेजारी बसवलं. "नाना, तुम्ही घरचेच." नाना हरखले. दोन घास पोटात गेले नाहीत तोच भाऊंच्या मुनीमजींनी कागद पुढे केले. आपल्या सगळ्या माणसांचा विमा काढतोय म्हणाले. आता ज्याच्या पंगतीत बसलो त्याचेच कागद वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. इतकं वाईट वळण आमच्या घरात कुणाला नाही. नानांनी हात धुतला आणि मुनीमजींनी बोट ठेवलं तिथे तिथे सही केली.

पुढे भाऊंवर लाचखोरीचा आणि काळा पैसा पांढरा केल्याचा गुन्हा दाखल झाला. पैसा ज्या कंपन्यांतून फिरला, त्यांच्या संचालक मंडळांवर भाऊंचा ड्रायव्हर, भाऊंचा माळी आणि आमचे नाना. अटक होताच भाऊंच्या छातीत दुखू लागलं. एरवी तब्येत ठणठणीत.

आमचे वकील म्हणाले, "सोपं आहे. मी अडाणी माणूस, न वाचता सह्या केल्या, एवढाच जबाब द्यायचा. नाहीतर नानाही आत जातील."

"मी काय अडाणी शे का?" नाना भडकले. "सातवी पास शे मी!"

माझी हसावं की रडावं अशी गत झाली. तुरुंग चालेल, पण अडाणी म्हणवून घेणार नाही! पारावर रोज चारचौघांना पेपर वाचून दाखवणारा माणूस तो. दोन दिवस मी त्यांच्याशी भांडले, शेवटी पाया पडले. तेव्हा कुठे कबूल झाले. म्हणाले, "तुनासाठे सांगस."

त्याच आठवड्यात भाऊ जामिनावर सुटून जळगावात आले. गुलाल, डीजे, आणि हार इतका मोठा की तो घालायला क्रेन. आम्ही दोघं मात्र जबाब द्यायला मुंबईच्या गाडीत बसलो.

कचेरीत मला दाराशी बसू दिलं. साहेबांनी विचारलं, "तुमची कंपनी काय करायची?"

"माहीत नाही साहेब. मी अडाणी माणूस शे." नानांनी मान वर केली नाही. मला भाऊंचा नाही, माझाच राग आला. हे वाक्य त्यांच्याकडून मीच घोकून घेतलं होतं.

साहेबांनी टाइप केलेला जबाब पुढे सरकवला. "सही करा, बाबा."

"थांबा साहेब," नाना चष्मा लावत म्हणाले, "पहिले माले बठ्ठं वाचू द्या."

आपण अडाणी असल्याचं ते पान त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, आणि मग सही केली.